समोर येऊन बोला

दादा, गिरणीच्या साचेखात्याने तुमचे कान नेले, याची घरात कोणी कधी तक्रार केली नाही. तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचंच तसं होतं. कापड विणणाऱ्या साच्यांच्या आवाजात माणसाचा आवाज पोचायचा नाही, म्हणून तुम्ही लोक एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचात आणि तीच सवय चिंचपोकळीच्या खोलीत घेऊन यायचात. अजून डोळ्यांसमोर आहे: आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून काही बोलली, की तुम्ही उठून तिच्यासमोर जाता. "आता बोल," म्हणता. तिच्या हातात लाटणं असतं. ती वैतागते, पण पुन्हा पहिल्यापासून सांगते.

गिरणी बंद पडली, आई गेली आणि तुम्ही गावी राहायला गेलात. तिथे समोर येऊन बोलायला सवड कोणाला? ओरडून सांगायचा लोकांना कंटाळा आला आणि भजनात तुमची जागा खांबामागे गेली. आधी तुमचं बोलणं आटलं, मग माणसांची नावं गेली, शेवटी आम्ही मुलंही. 'म्हातारचळ' म्हणून गाव मोकळं झालं आणि तुम्ही तसेच गेलात. याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या वर्षी गावच्या मुंबई मंडळाची बैठक लालबागला होती. वर्गणीतून देवळाची कमान बांधायचं जवळजवळ ठरलंच होतं, पण गावातल्या बायकांचा गट अडून बसला. म्हातारपणचं विसरणं लांबवायला त्यांना म्हाताऱ्यांचे कान आणि रक्तदाब तपासायचे होते आणि रोज संध्याकाळी सगळ्यांना देवळात एकत्र बसवायचं होतं. एक काका उखडले, "कानाचो नि डोक्याचो काय संबंध?"

गटातर्फे आलेली आरोग्यसेविका शांतपणे म्हणाली, "डॉक्टरांक इचारलंय. ऐकाक येयनासा झाला की माणूस बोलाचा सोडता, एकटो पडता. मगे इसराक लागता. सगळाच टळात असा नाय, पण धोको कमी होता."

मग मी तुमचं सांगितलं. कमान पुढे ढकलली.

आता भजनात कमी ऐकू येणारे पुढे, बुवांच्या समोर बसतात. त्यांच्याशी बोलायचं तर समोर येऊन, असा नियमच केलाय. देवळातल्या तपासणीला मी मुद्दाम गेले होते. एक आजोबा "माका सगळा आयकाक येता" म्हणत सटकत होते, त्यांना मीच दटावून आत बसवलं. शेवटी डॉक्टर पाठमोरे होऊन सामान आवरत होते. काहीतरी म्हणाले. मी हसून "हो" म्हटलं.

बाहेर आल्यावर आरोग्यसेविकेने विचारलं, "ताई, तुमची तपासणी कधी झाली? आता डॉक्टरांनी नाव इचारला, तर तुम्ही हो म्हणालात."

मी चपला शोधत राहिले. दादा, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. गेलं वर्षभर मीही लोकांच्या ओठांकडे बघते आहे. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.