जादा लिहिलेला किलो

आई, आज दवाखान्यात मी वजनकाट्यावर तीनदा चढले. तिन्ही वेळा बावन्न. गेल्या महिन्यातही बावन्नच होतं, आणि आता सातवा संपत आला आहे. डॉक्टरीणबाईंनी पोटावर टेप लावली, पुन्हा एकदा लावून पाहिली, मग म्हणाल्या, "दिवसांच्या मानाने बाळ लहान वाटतंय. उद्याच नगरला जाऊन सोनोग्राफी करून या." मी पोटभर जेवते, आई. तरीही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि हे सांगायला तूच आठवलीस, कारण वजन वाचायला मला तू शिकवलंस.

शाळेत जायच्या आधी आकडे मी तुझ्या अंगणवाडीतल्या काट्यावर शिकले. कोल्हारच्या त्या खोलीत तू काटा नेहमी शहाबादी फरशीवर ठेवायचीस. सतरंजीवर ठेवला तर तो खोटं बोलतो, म्हणायचीस. गरोदर बाया चपला काढून चढायच्या, मी आकडा मोठ्याने वाचायचे, तू कार्डावर लिहायचीस. जिचं वजन हललं नसेल तिच्या घरी तू त्याच संध्याकाळी जायचीस. मागच्या गल्लीतल्या एका सासूशी झालेलं तुझं बोलणं मला अजून पाठ आहे.

"पोर मोठं झालं की बाळंतपनात अडतं, बाई," ती म्हातारी म्हणाली. "अर्धी भाकर पुरं हाय तिला. आमी काय ताटं भरून खाल्लं हुतं का?"

"मावशी, लहान पोर जन्मायला सोपं, जगायला अवघड. आईच्या अंगावर काही चढलं नाही तर त्याच्या अंगावर कुठून चढणार?"

"तू शिकलेली हायस, पर पोर एकच. मी सहा बाळंतपनं काढली."

त्यानंतर महिन्याभराने तुला तालुक्याला मीटिंगला जावं लागलं आणि वजनं घ्यायचं काम तू माझ्यावर सोपवलंस. मी बारा वर्षांची. त्या म्हातारीची सून आली, तिलाही सातवाच होता. आकडा मागच्या महिन्याचाच होता. ती काट्यावरून उतरेना. हळूच म्हणाली, "बाई, एक किलो जादा लिव्हा ना. तुमच्या आई घरी आल्या की आत्याबाई माझ्याशी बोलत न्हाईत, अन् ताटातलं आनखी कमी करत्यात." मला तोवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. मी लिहिलं.

तू कार्ड पाहिलंस, "चढलं बाई एकदाचं," म्हणालीस आणि त्या महिन्यात त्यांच्या घरी गेली नाहीस. बाळ आठव्यात झालं, ओंजळीत मावेल एवढं. सहा दिवस राहिलं. सातव्या दिवशी तू रेशन दुकानातून पाच-पाच किलोची मापं आणून काट्यावर ठेवत बसली आहेस. काटा बरोबर पाच दाखवतो, दहा दाखवतो. तू मापं उतरवतेस, पुन्हा ठेवतेस. "काट्यात तर दोष नाही," म्हणतेस, "मग माझंच कुठे चुकलं?" मी दारात उभी आहे आणि बोलत नाही. पुढेही कधी बोलले नाही. तू मात्र त्यानंतर वजनं घ्यायला मलाच पाठवायला लागलीस, माझी नजर पक्की आहे म्हणून.

त्या एका किलोने बाळ गेलं असं मी म्हणत नाही. तू त्यांच्या घरी गेली असतीस तरी म्हातारीने ऐकलंच असतं असंही नाही. पण तू गेली असतीस. डॉक्टरीणबाई म्हणतात, वजन न वाढण्याची कारणं बरीच असतात, भलतंसलतं मनात आणू नका. मी मान हलवते, आणि घरी येऊन बाळ किती वेळा हललं ते बोटांवर मोजत बसते.

हा कागद दवाखान्याच्या फाइलीत ठेवते आहे, तिथून तो कुठे जायचा नाही. घरी आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. त्या म्हातारीसारख्या नाहीत. स्वतःच्या वाटचं दूध माझ्या पेल्यात ओततात. "किती भरलं गं?" त्यांनी विचारलं.

"वाढलंय, आई," मी म्हणाले. त्यांनी लगेच देवापुढे साखर ठेवली. नगरला जायचंय, हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.