दिवा लागण्याआधीचं उत्तर

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस का अजून? चढू नकोस. (उतरूही नकोस.) इकडे मी ठणठणीत. काळजी नसावी, काळजी करायला मी आहेच.

नात विद्यापीठात दृष्टिविज्ञान शिकते हे तुला ठाऊक आहे. प्रवेश घेतला तेव्हाच मी म्हटलं होतं, "अगं, नुसतं बघायला शिकायला चार वर्षं?" तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही जन्मभर बघताय, तरी चहात साखरेऐवजी मीठ घातलंतच ना?" (दोन्ही डबे सारखे आहेत. सुनेची चूक.) गेल्या आठवड्यात तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकाने डोळे तपासायला एक म्हातारं माणूस आणायचं होतं, तिने मला नेलं. मी एक जरी अक्षर चुकलो तर पोरगी नापास, असंच मी धरून चाललो होतो. म्हणून ती अंघोळीला गेली की तिच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता भिंगातून बघून मी पार खालच्या ओळीपर्यंत घोकला होता. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर!

तिथली खोली अंधारी, खुर्ची न्हाव्याच्या दुकानातल्यासारखी उंच. नातीने माझा डावा डोळा झाकला मात्र, मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून मोकळा झालो. मग ती हळूच म्हणाली, "आजोबा, तक्त्याचा दिवा अजून लावलाच नाही." मागे तिच्या मास्तरीणबाई उभ्या. म्हणाल्या, "पाठांतर छान आहे हं. आता बघून सांगा." दिवा लागला तर तक्ता निराळाच, आणि माझ्यापुढे नुसतं धुकं.

अक्का, तेव्हा मला तूच आठवलीस. चौथीच्या तोंडी परीक्षेला तू वर्गाच्या खिडकीखाली बसली होतीस. उत्तर बरोबर असेल तर एकदा खोकायचं, चूक असेल तर दोनदा. आणि नेमका त्या दिवशी तुला खराच खोकला! मी बरोबर उत्तरं बदलत गेलो, शाळा तिथेच सुटली. पण तो खोकला अजून कानात आहे. इतक्या हक्काने माझ्यासाठी नंतर कुणी खोकलं नाही.

मग नातीने डोळ्यात बारीक उजेड टाकला आणि इतकी जवळ आली, की तिचा श्वास गालाला लागला. तू माझ्या डोळ्यातला कचरा फुंकायचीस ना, अगदी तश्शी. म्हणाली, "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय." मास्तरीणबाईंनी स्वतः बघितलं, मान डोलावली. पोरगी पास! मार्क माझ्या दिसण्याला नव्हते, तिच्या बघण्याला होते, हे मला कुणी आधी सांगायचं नाही का? आता ऑपरेशन करा म्हणून घरात सगळे मागे लागलेत, पण मला काही घाई नाही.

तुझा
धाकटा (चौथी नापास)

ता. क. ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. नातीने परस्पर ठरवलं. मी भीत नाही, फक्त झोप लागत नाही.

आणखी ता. क. तू ये. (आमच्याकडेही जिना आहे, पण हळूहळू चढ.) ऑपरेशनच्या खोलीबाहेर बस. मला काही दिसणार नाही, म्हणून सगळं ठीक चाललं असेल तर एकदा खोक. खोकल्याचं औषध मात्र घेऊनच नीघ, नाहीतर पुन्हा घोटाळा व्हायचा.