पंधरा इंची चाकं

११ सप्टेंबर, गुरुवार

सतरा इंची! माझ्या घरच्या गाडीला सतरा इंची अलॉयची चाकं! बस डेपोच्या टायर विभागात मी एकतीस वर्षं काढली, आणि माझाच मुलगा मला न विचारता हे थेर करून आला.

आज सुनेला, चैत्राला, दवाखान्यात नेलं. सातवा महिना, वार खाली आलेली, मागच्या आठवड्यात रक्त दिसलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं — पडून राहायचं, फक्त दर गुरुवारी तपासायला आणायचं, गाडीत हादरा बसता कामा नये. नाहीतर बाळ हातचं जाईल. सांगून मोकळ्या झाल्या! नऊ किलोमीटर, तेही बेंगळुरूचे. चौसष्ट खड्डे. येताना मोजले. प्रत्येक खड्ड्याला पोरगी दाराची मूठ धरून डोळे मिटायची. आणि मी हळू चालवतो म्हणून मागचे हॉर्न वाजवतात. वाजवा मेल्यांनो!

१२ सप्टेंबर

लोहितशी भांडण. म्हणे, "अप्पा, गाडी दिसते कशी ते तरी बघा." गाडीत बसलंय कोण ते बघ की आधी! पट्टी लावून दाखवलं. जुन्या पंधरा इंची चाकाला बाजूचं रबर साडेबारा सेंटिमीटर होतं, ह्याला जेमतेम दहा. ते अडीच सेंटिमीटर हीच तर गादी. तीच काढून टाकली दिवट्याने.

"खड्डा टायरने खायचा की तुझ्या बायकोच्या कमरेने?" असं विचारलं. जुनी चाकं कुठायत म्हटलं तर विकली! बायको, रत्नम्मा, म्हणते, सणाच्या तोंडावर पोराला किती बोलाल. बोलणार. माझं नातवंड आहे त्यात.

१५ सप्टेंबर, सोमवार

बाशाच्या टायरच्या दुकानात. ओळख वीस वर्षांची, पण तोही मलाच शिकवतो. म्हणे अण्णा, मधला मार्ग काढू, सोळा इंची टाकू. मधला मार्ग कसला डोंबलाचा? रिम लहान, टायर उंच, बाहेरचा घेर होता तेवढाच. घेर वाढला की चाक मडगार्डला घासणार आणि वेगाचा काटा खोटं बोलणार. आणि रिम लोखंडीच हवी. वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकतं. एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा — टायरचं माप मोठ्या अक्षरात लिहून दिलं. शनिवारी मिळतील म्हणाला. म्हणजे येत्या गुरुवारी पुन्हा ह्याच चाकांवर!

येताना वॉर्ड ऑफिस. तिसरी खेप. इंजिनिअरच्या टेबलावर खड्ड्यांचे फोटो आपटले. पाऊस थांबू द्या आजोबा, म्हणाला. आजोबा! मी म्हणालो, तुमच्या तक्रारवहीत एक रकाना वाढवा, ‘कोणामुळे’. ज्याच्या बेपर्वाईने माणूस पडेल त्याचं नाव त्यात लिहा, मग बघा रस्ते कसे सुधारतात. तो हसला. हसतोय काय! लाज वाटत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बाजारासमोर खड्डा पाण्याने भरलेला, दिसलाच नाही. पुढचं डावं अलॉय तडकलं, हवा गेली. चैत्राला रिक्षात बसवून न्यावं लागलं. रिक्षात! संध्याकाळी पुन्हा थोडं रक्त. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, अजून एकदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही.

लोहित मोरीचं दार लावून रडत होता. त्याला झापायचं ठरवून गेलो होतो. नाही जमलं.

२० सप्टेंबर

चाकं बसली. पंधरा इंची, काळी, लोखंडी. लोहितने एकेक नट स्वतः आवळला. हवा मी तपासली, दोनदा. समोरचे मंजुनाथय्या म्हणाले, गाडी म्हातारी दिसायला लागली. दिसू दे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चैत्राला गाडीत झोप लागली! चौसष्ट खड्डे आणि पोरगी झोपली! दवाखान्याच्या दारात डोळे चोळत विचारते, "मामंजी, आलोसुद्धा?" गाडी लावायच्या निमित्ताने लांब गेलो.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा

गाडी धुतली, झेंडू घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. लोहितने गाडी पुढे घेतली, चारही फुटली. मग कोहळा. भोक पाडून आत कुंकू भरलं, वर कापूर लावला, गाडीवरून तीनदा ओवाळला आणि गेटसमोर रस्त्यात असा आपटला की मंजुनाथय्यांच्या पायरीपर्यंत तुकडे उडाले. इंजिनिअर, खड्डे, सगळ्यांची दृष्ट त्यात फोडली म्हणा ना. फार बरं वाटलं!

रत्नम्मा झाडू घेऊन आली. म्हणाली, बाजूला सारते, माणसांचा जायचा-यायचा रस्ता आहे. मी तिच्यावर खेकसलो. दृष्ट काढलेल्या कोहळ्याला घरच्यांनी हात लावायचा नसतो, एवढं कळत नाही? गल्लीत प्रत्येक दारापुढे पडलाय, आपलाच काय जड झाला! झाडू घेऊन आत गेली बिचारी.

उद्या गुरुवार. दसरा असला तरी डॉक्टरीणबाई येणार आहेत.

२ ऑक्टोबर, दसरा

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. रात्री भुरभुर पाऊस झाला होता. चैत्रा गाडीत बसायला गेटबाहेर आली आणि कोहळ्याच्या गरावरून घसरली. कमरेवर पडली. इथवर आणताना गाडीने एक हादरा दिला नाही. बाळाचे ठोके लागताहेत, पण रक्त थांबत नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद भरताना विचारलं, "कुठल्या खड्ड्यात पाय गेला?"

लोहित माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, खड्डा नव्हता, कोहळा मी फोडला होता. ‘कोणामुळे’चा रकाना मीच मागितला होता.