शेखर नवरा

किन्हवली,
३ एप्रिल

प्रिय शेखर,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, पण जरा पुढे गेल्यावर देते. पहिल्याच ओळीत दिलं तर तू उरलेलं पत्र वाचणार नाहीस, एवढी तरी मी तुला ओळखते. दीड वर्षानं तुझा मेसेज आला. मी शहापूरला ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कामावर होते, समोर दाखल्यांसाठी बायकांची रांग, आणि मोबाइलवर तुझं नाव. वाटलं तुझ्या घरात कुणी गेलं की काय. तर म्हणे, ‘आता गाणी बनवायचं ओरिजिनल सॉफ्टवेअर घेतोय. एफएल घेऊ की एबलटन? तुझं डोकं चालतं यात. आणि ती हळदीच्या गाण्याची जुनी फाइल पाठव ना, म्युझिक कंपनीला आवाज साफ हवाय.’ खाली हात जोडल्याचं चित्र. ज्या बाईचा आवाज साफ हवाय ती कशी आहे, हे विचारायला काय बोटं झिजली असती का रे? म्हणून मी कागदावर लिहितेय. मेसेज तू अर्धा वाचतोस आणि पुढे ढकलतोस.

तर ऐक. एबलटन वाईट नाही. स्टेजवर उभं राहून, लोकांचा रंग बघून तिथल्या तिथे गाणं वळवायचं असेल तर तेच बरं. आता तुला स्टेज मिळतात, फोटो बघते मी. एफएल हे घरी बसून रचणाऱ्याचं. आधी ठोका, मग टाळी, मग बेस, एकेक चौकोन भरत जायचं, भाताच्या आवणात रोप लावत मागे सरकावं तसं. चार वर्षांपूर्वी आपण तेच घेतलं होतं. घेतलं कुठलं, फुकटचं ट्रायल उतरवलं होतं. चोरीचं टाकायचं नाही हा माझा हट्ट, आणि तू मला हरिश्चंद्राची अवलाद म्हणायचास. ट्रायलवर सगळं करता येतं, गाणं तयार करून बाहेरही काढता येतं, फक्त सेव्ह करून बंद केलेलं काम पुन्हा उघडत नाही. उघडायचं तर आधी विकत घ्या. म्हणून आपण ते बंदच केलं नाही. नऊ दिवस माझा लॅपटॉप सुरू! भर वैशाखात लाइट गेली की तू तुझ्या दोस्ताच्या, मंगेशच्या, डीजेच्या टेम्पोतला इन्व्हर्टर उचलून आणायचास, घामाघूम होऊन, आणि आई लॅपटॉपला पदरानं वारा घालायची. आजारी माणसाचं कुणी करणार नाही एवढं आपण त्या डबड्याचं केलं.

आईचा आवाज घ्यायची कल्पना माझी, ते मी नाकारत नाही. इंटरनेटवर आवाज शोधून शोधून तू वैतागला होतास आणि मी म्हटलं, घरात लग्नाचे धवळे गाणारी धवलारीण बसलीय आणि आपण गावभर कशाला फिरतोय? किन्हवलीपासून तुझ्या सरळगावपर्यंत हळद लागायची तर मांडवात माझी आई, बाईजा, आधी हवी. तिनं धवळा म्हटल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागत नसे. पण मोबाइल समोर धरला तर ती गाईचना. म्हणाली, ‘नवरी कोन, नवरा कोन? नावाबिगर धवळा नाय गो. देवांना बोलवायचा आन दारात कोनच नाय, ही काय थट्टा हाय?’ मी म्हटलं, घे कुठलीतरी खोटी नावं. तर माझ्यावरच डोळे वटारले. तेव्हा तू बोललास, शेखर. मी नाही बोलले. तू म्हणालास, ‘मावशी, आमचीच घ्या ना.’ तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. ‘इचार करून बोल रे पोरा,’ म्हणाली. तू म्हणालास, ‘केलाय.’ मग ती उठली, तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला, वाटीत हळद कालवली आणि तुझ्या-माझ्या कपाळाला बोट लावून गायली. तुझ्या गावदेवीचं नाव तुला विचारून घेतलं. तुझ्या गेलेल्या आजोबांनासुद्धा बोलावलं. तुझ्यासाठी ते रेकॉर्डिंग होतं. तिच्यासाठी ते लग्न होतं. माझ्यासाठी काय होतं ते आता सांगून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी आपण कापायला बसलो. ‘मिताली नवरी, शेखर नवरा’ असं आई गायली होती. तू म्हणालास, मिताली ठोक्यावर बसत नाय, अडखळतं. शेखर मस्त बसतो. मी म्हणू शकले असते की मग ठोका हलव. नाही म्हटलं. माउस माझ्याच हातात होता, मीच माझं नाव कापलं, गाढवीण कुठली! उरलं काय, तर ‘शेखर नवरा, शेखर नवरा, शेखर नवरा’, मग सगळं गप्प, मग धाडकन बेस. बाकीचे डीजे कुणाकुणाकडून आपली नावं वदवून घेऊन गाण्यात घालतात. तुला ते आईनं देवासमोर उभं राहून दिलं. त्याच पौषात म्हशाच्या जत्रेत पाळण्यापासून बैलबाजारापर्यंत तेच गाणं. कसाऱ्याला तेच, मुरबाडला तेच. आणि इंटरनेटवर गाण्याखाली लिहिलंस काय, तर संगीत शेखर, आवाज पारंपरिक. माझी आई पारंपरिक! तिला नाव आहे शेखर, रेशनकार्ड आहे, गुडघेदुखी आहे.

मग तू ठाण्याला गेलास. आधी रोज फोन, मग रविवारी, मग सणाला. इकडे आईनं दोन स्थळं दारातून परत पाठवली, ‘आमची ठरलेली हाय’ म्हणून. मी ऐकत होते आणि तिला अडवत नव्हते. तेवढा मूर्खपणा माझा. तू कधी नाही म्हटलंच नाहीस ना! नाही म्हणायचे कष्ट तू कधी घेतलेच नाहीस, नुसता फोन उचलायचा थांबलास.

गाणं गाजलं तसं आईला बोलावणं कमी झालं. कोण कशाला बोलावेल? तिचा आवाज पेनड्राइव्हमध्ये मिळतो, बेससकट, त्याला रिक्षानं आणावं लागत नाही की चहा द्यावा लागत नाही. गेल्या वर्षी म्हशाजवळच्या एका पाड्यावर नवऱ्याची आजी अडून बसली, बाईजाच पायजे म्हणून. आई धुतलेलं लुगडं नेसून गेली, मी सोबत होते. तिनं पहिली ओळ उचलली आणि डीजेवाल्यानं तेच गाणं लावलं. पोरी नाचायला लागल्या. आई गातच राहिली. समोरून तिचाच आवाज, तिच्या दहापट मोठा, ‘शेखर नवरा, शेखर नवरा’. नवऱ्याचं नाव धाकलू होतं. बायका खिदळायला लागल्या. एकीनं तोंडावर पदर धरून विचारलं, ‘बाईजा, तुजा जावय नाय आला का गो?’ आई उठली, हळदीची वाटी आजीच्या हातात दिली आणि चालू लागली. त्या दिवसापासून तिनं एकाही मांडवात तोंड उघडलेलं नाही. घरी जात्यावर बसली तरी मुकी बसते.

आता तुझं उत्तर. एफएल घे. आईचा साफ आवाज त्या जुन्या फाइलच्या आतच आहे, ती फाइल दुसऱ्या कशात उघडणार नाही, आणि आवाजाची दुसरी प्रत कुठे नाही, कारण मोबाइलमधलं मूळ रेकॉर्डिंग तू स्वतःच्या हातानं उडवलंस, जागा होत नाही म्हणून. त्या फाइलचा पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. खरं सांगू? पहिले दोन दिवस माझ्या मनात होतं की तुला एबलटन घे म्हणून सांगावं. घेईल, फाइल टाकेल आणि बसेल डोकं आपटत. कपडे धुताना मी एकटीच हसले सुद्धा. पण तसं करून मला भागणार नाही. फाइल तुला हवी आहे, आणि मलाही तुझ्याकडून काहीतरी हवं आहे.

माझं लग्न ठरलंय. हेमंत त्याचं नाव, आसनगावला गॅरेज आहे, त्याला आपलं सगळं माहीत आहे आणि तो त्यावर एकदाही वाकडं बोललेला नाही. अठ्ठावीस तारखेला हळद. आणि आई गाणार नाही म्हणते. ‘तुजा धवळा मी एकदा गायलेय. देवांना बोलवून आणलेय. आता त्यांना काय सांगू, नाव चुकला?’ दुसऱ्या धवलारणी यायला तयार नाहीत, बाईजा बसलेली असताना तिच्या लेकीला आमी कशा गाऊ म्हणतात. मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी तिनं एकच तोड सांगितली. ज्यानं तोंडानं नाव दिलं, त्यानंच येऊन तोंडानं परत घ्यायचं. तिच्यासमोर बसून म्हणायचं, की मावशी, मी तेव्हा मनापासून बोललो नव्हतो. एवढं ऐकलं की ती माझ्यासाठी गाईल. ये शेखर. फाइलसाठी येतोय असंच समज. दुपारचा ये, आई घरीच असते. पेनड्राइव्ह तुझ्या हातात देईन, त्याचं काय करायचं ते कर. फक्त आधी तेवढं वाक्य बोल. आणि तेव्हा तू खरंच मनापासून बोलला असशील, तर ते तिला सांगू नकोस, मला तर मुळीच सांगू नकोस. खोटं बोल. माझ्यासाठी एकदा खोटं बोल.

एके काळी तुझीच,
मिताली