वोबर नावाचा शब्द

आबा, आज रविवार आहे आणि घरात मी एकटीच आहे. मुकुंदवाडीतलं आपलं पत्र्याचं घर आता राहिलेलं नाही. त्या जागी दोन मजले झालेत, वरच्या मजल्यावर मी राहते. तुम्ही न पाहिलेले तुमचे जावई सहा वर्षांपूर्वी गेले. तुम्ही न पाहिलेली नात बंगळुरूला नोकरी करते. ती आणि मी फोनवर इंग्रजी शब्दांचा एक खेळ खेळतो. सात अक्षरं मिळतात, त्यांतून शब्द जुळवून मांडायचा. एक ती तिकडून मांडते, एक मी इकडून. दिवसातून दोनदा, कधी एकदाच. तुम्हाला हे सांगायला बसले, कारण असला खेळ मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर खेळले होते.

पिशोरकडची मेंढरं विकून तुम्ही शहरात आलात आणि चिकलठाण्यात एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन झालात. येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर रजिस्टरात लिहावा लागायचा, म्हणून तिशी उलटल्यावर तुम्ही इंग्रजी अक्षरं शिकलात. अक्षरं यायची, शब्द यायचे नाहीत. मी तेव्हा सातवीत. आई भाकरी थापतेय, तुम्ही हातपाय धुऊन बसलाय आणि ताट पुढं यायच्या आधीच विचारताय, "आज गुजरातची गाडी आली व्हती. जी आन् जे. सांग बरं, दोन्ही अक्षरं असलेला शब्द." मी पत्र्याकडं बघत बसते. मग म्हणते, "जग. पाण्याचा जग." तुम्ही आईकडं वळून म्हणता, "बघ, आपल्या घरात इंग्रजी हाय आन् आपल्यालाच ठावं नाय." यू-पीच्या गाडीला मी कप दिला, हरियाणाच्या एच-आरला हॉर्स. एरवी तुम्ही दिवसदिवस बोलायचा नाहीत. रानात मेंढरांमागं तुम्हाला बोलायला होतं तरी कोण? पण त्या अर्ध्या तासात तुम्ही बोलायचात, आणि ते माझ्याशी.

एक दिवस बंगालची गाडी आली. डब्ल्यू आणि बी. मला काही सुचेना. तुमची भाकरी संपत आली तरी सुचेना, आणि तुम्ही वाट बघत होतात. मी म्हणाले, "वोबर."

"म्हंजी?"

"राखण करणारा. वॉचमनपेक्षा मोठा."

तो शब्द मी तिथल्या तिथं बनवला होता. तुम्ही दोनदा पुटपुटून पाहिलात आणि म्हणालात, "लई चांगला हाय."

महिनाभरानं शाळेला सुट्टी होती म्हणून मी तुमचा डबा घेऊन फाटकावर आले. एका ड्रायव्हरनं ट्रकमधून हाक मारली, "ओ वोबर, गेट खोलो." फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं हसली. मला काही समजेना, तेव्हा टपरीवाल्या चाचांनीच सांगितलं. कंपनीत बाहेरचे पाहुणे आले होते, साहेबांसमोर त्यांनी तुम्हाला इंग्रजीत विचारलं, तुम्ही कोण. तुम्ही ताठ उभे राहून म्हणालात, "आय ॲम वोबर." तेव्हापासून सगळे तुम्हाला तेच म्हणतात. चाचा हसत हसत सांगत होते. तुम्ही फाटक उघडून आलात, माझ्या हातातला डबा घेतलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "जा आता, ऊन व्हतंय."

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तुम्ही विचारलंत, "असा शब्द नसतो का?"

"नसतो."

"मंग येत नाय म्हनायचं व्हतं, माय. त्यात लाज कसली? मला तरी कुठं येतंय."

तुमचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी रडले असते आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही अक्षरं आणली नाहीत, तिसऱ्याही नाही. आठवडाभर थांबून मीच विचारलं, "आज कुठली गाडी आली?" तुम्ही म्हणालात, "ध्यान नाय राह्यलं." दिवसभर नंबर लिहिणारा माणूस असं म्हणाला, मग मी पुन्हा विचारलं नाही. पुढं तुम्ही गेलात तोवर आपण कामापुरतंच बोललो. दळण आणलं का, दार लाव, गोळी घेतली का. फाटकावर ते नाव शेवटपर्यंत चाललं आणि तुम्ही त्याला ओ देत राहिलात. मी माफी मागितली नाही. आज मागेन, उद्या मागेन, असं करता करता वर्षं गेली.

आता फोनवर एक जागा सापडलीय. अक्षरं टाकली की ती असलेले सगळे शब्द समोर येतात. अर्थ येत नाही, नुसती यादी. मी तिथून शब्द उचलते आणि लेकीला पाठवते. हरले तर ती खेळणं सोडेल, अशी भीती वाटते. गेल्या महिन्यात मी 'झॅक्स' मांडला आणि तिचा लगेच फोन आला.

"आई, हा शब्द तुला कुठून येतो?"

"तुझ्या आजोबांनी शिकवला."

"आजोबांना इंग्रजी यायचं?"

"यायचं थोडं."

मग ती विचारत गेली. मी फाटक सांगितलं, ट्रक सांगितले, जग आणि कप सांगितलं. वोबर सांगितला नाही. ती हसली आणि वीस मिनिटं बोलली. इतकी ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती.

काल पुन्हा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, हा खेळ आता बंद करू या का? रोज संध्याकाळी मी फोन करत जाईन, आपण नुसतं बोलू." मायेनं म्हणत होती, ते मला समजत होतं. तरी मी म्हणाले, "नको गं, तुला कामं असतात. खेळच बरा." ती "बरं" म्हणाली.

काम हे कारण नव्हतं. खरं तिला सांगितलं नाही, या कागदावर तुमच्यापाशी लिहून ठेवते. रोज तिच्याशी काय बोलायचं, ते मला माहीत नाही.