मध न नेणारा चोर

रविवार, ता. ५

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस. उजव्या हाताची बोटं फुगून एकमेकांना टेकलीत. मधमाशांच्या पेट्या उघडताना बाबांचे जुने हातमोजे घातले होते. आधीच्या डंखांचा वास त्यांत मुरलेला असतो आणि त्याने माशा जास्तच पिसाळतात, हे बाबांनी नंतर सांगितलं. आधी कसं सांगणार? बंद खिडकीच्या काचेआडून ते नुसते हातवारे करतात, आणि 'मोजे काढ'ची खूण मला 'शाबास' वाटली.

आता मुद्द्याचं. म्हणजे आधी ट्रकचं सांगतो. माझा ट्रकवाला दोस्त महिनाअखेर थेट समुद्रापर्यंत निघालाय, माझी जागा धरून ठेवलीये. त्याच्या आत पेट्या विकत घेणारं गिऱ्हाईक शोध आणि मला यातून सोडव.

मुद्दा असा की पेट्या कुणीतरी उघडतंय. माशा झाकणाच्या फटी चिकट डिंकाने बुजवतात, पटाशी घालून उचकटावं लागतं. काल डाव्या पेटीचं झाकण नुसत्या हाताने निघालं. मध मात्र थेंबभर गेलेला नाही. शेजारच्या घड्याळवाल्या काकांचा डावा डोळा सुजलाय. विचारलं तर डास म्हणाले. एवढा डास मी कुठल्याच गावात पाहिला नाही.

रागावली नसशील तर पत्र पाठव.
तुझा भिंगरी

शुक्रवार, ता. १०

चि. भिंगरीस,
अ. आ.

हाताला बर्फ लाव. काकांच्या डोळ्याचं राहू दे, मला दुसऱ्याच माणसाचा संशय येतोय. मध सोडून नुसत्या माशा बघायला कोण जाईल? बाबा. गेल्या वेळी एका डंखाने त्यांचा श्वास अडकला होता, तू तेव्हा कुठे भटकत होतास देव जाणे. डॉक्टरांनी बजावलंय की पुन्हा माशी चावली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळायचा नाही. तू दुपारी घोरत असशील आणि ते मागच्या दाराने जात असतील.

आणखी एक. मी पाठवलेलं गिऱ्हाईक फाटकातूनच परत आलं. माशांना रोग लागलाय, असं तिथे कुणीतरी सांगितलं म्हणे. हे तुझं काम नाही ना? तुला घाई आहे हे माहीत आहे, पण तुझ्या डोक्यात कधी काय शिरेल याचा भरवसा नाही. आईला यात ओढू नकोस, माशी म्हटलं तरी ती दार लावून घेते. बाबांवर नजर ठेव. त्यांना काही झालं तर मी तुला माफ करणार नाही.

तरीही तुझीच,
ताई

गुरुवार, ता. १६

ती. ताईस,
सा. न.

रोगाचं मी बोललो नाही, शपथ. बाबांवर पाळत ठेवली. पेट्यांभोवती स्वयंपाकघरातलं पीठ भुरभुरलं, पावलं उमटतील म्हणून. सकाळी जागा झाडून, पुसून लख्ख. इतका टापटिपीचा चोर! वर पीठ नासल्याबद्दल आईची बोलणी खाल्ली. आता वाटतं, तिथेच कळायला हवं होतं.

काल बाजारात जातो म्हणून निघालो. वाटेत एक माणूस मोडकी बाजाची पेटी दुरुस्त करत होता, तिथे रेंगाळलो, ते असो. मग गल्लीतून वळून मागच्या भिंतीवर चढलो. पलीकडच्या कौलांआड घड्याळवाले काका आधीच डोकावत बसलेले. डोळ्याचा डास कुठला ते कळलं.

पेटीपाशी बाबांचा कोट आणि जाळी घातलेलं कुणीतरी होतं. बाबाच असं समजून मी भिंतीवरून उडी टाकणार होतो. तेवढ्यात काचेआड बाबा दिसले, खुर्चीत, 'हळू' अशी खूण करत. कोटातली आई होती, ताई. उघड्या हातांनी पेटीतली माशांनी भरलेली चौकट उचलून धरली होती आणि हसत होती. काचेपलीकडे ऐकू जावं म्हणून ओरडली, "मला येतं आता सगळं. पण भिंगरीला कळलं तर उद्याच पिशवी उचलेल."

गिऱ्हाइकाला रोगाचं कुणी सांगितलं ते तू ओळखलंच असशील.

बाबांनी मला पाहिलं. 'हळू'ची खूण तशीच अर्धवट ठेवली आणि बोट ओठांवर नेलं.

मी पुढच्या दाराने खोकत आत शिरलो. आईचा अंगठा सुजला होता, चुलीवर भाजला म्हणाली. मी मलम लावलं. रविवारी पेट्या उघडणार आहे, तू लांबच थांब, असंही सांगितलं. या मेल्या माशा कधी एकदा जातील, असं म्हणत ती आत गेली.

तेव्हा आता गिऱ्हाईक पाठवू नकोस आणि आईकडे अवाक्षर काढू नकोस. दोस्ताला मी कळवलंय की हात सुजलाय, सूज उतरली की येतो. कधी उतरेल ते लिहिलेलं नाही.

तुझ्या संशयातून मला वगळावंस,
भिंगरी