पांढरा दोरा, हिरवा दोरा

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा घरबसल्या दागिने साफ करून देण्याचा, नववीतून शाळा सोडलेली, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पण माझ्यापुढे सही करायला ठेवलेला कागद किरकोळ वाटत नव्हता. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोक्यात गोंधळ आहे, तो कलम चारमध्ये येईल.

कलम १. माझे मऊ ब्रश, भिंग आणि सुती फडकी खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना द्यावीत. अट एकच. काकूंच्या मोत्यांना त्यांनी पुन्हा टूथपेस्ट लावू नये. मोती ओल्या फडक्याने पुसायचे, आडवे ठेवून वाळवायचे, टांगायचे नाहीत. हे मी त्यांना तीनदा सांगितले आहे. तिन्ही वेळा ते म्हणाले, "दात चमकतात, मग मोती का नाही?"

कलम २. माझे चांदीचे कडे आतेभावाला. ते हवाबंद डब्यात, खडूच्या तुकड्याबरोबर ठेवावे. खडू ओल शोषतो. खडू दर दोन महिन्यांनी बदलावा. तो बदलणार नाही, हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

कलम ३. ज्या सराफाकडे मी दोन वर्षे पॉलिशला होतो, त्यांना माझा झिजलेला जुना ब्रश द्यावा. "तुझा हात चांगला आहे, पण डोकं ठिकाणावर नसतं," असे म्हणून त्यांनी मला काढले. तेव्हा राग आला होता. गेल्या गुरुवारपासून वाटते, माणूस खरे बोलला. ब्रश देताना हे वाक्य वाचून दाखवू नये.

कलम ४. बांगड्यांबद्दल. आईच्या दोन आणि मावशीच्या दोन, अशा चार सोन्याच्या बांगड्या माझ्या डब्यात आहेत. त्या माझ्या मालकीच्या नाहीत, साफ करायला आल्या आहेत. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात घालता येते का, मला ठाऊक नाही. पण मी गेलो तर त्या कोणाला परत द्यायच्या, हे सांगणारा दुसरा कोणी नाही. आणि मलाही सांगता येत नाही.

आजोबांनी दोघी मुलींना एकाच दिवशी, एकाच साच्यातल्या बांगड्या करून दिल्या होत्या. मापही एकच. मावशी समोरच्या खोलीत राहते. मला दोघींनी मिळून वाढवले.

माझी पद्धत अशी. दागिना पाण्यात घालण्याआधी त्याला रंगीत दोरा बांधायचा. आईला पांढरा, मावशीला हिरवा. मग कोमट पाणी, साबणाचे चार थेंब, दहा मिनिटे, आणि हलका ब्रश. शेवटी पुसताना दोरा कापतो, कारण दोऱ्यात ओल राहते. गुरुवारी दोरे कापून मी आईच्या बांगड्या टॉवेलवर डावीकडे ठेवल्या, मावशीच्या उजवीकडे. तेवढ्यात विजेचा मीटर बघणारा आला. मीटर टेबलामागे आहे. मी टेबल ओढले, त्याने टॉवेल उचलून पलंगावर ठेवला.

"कसा ठेवलात?" मी विचारले.

"कसा म्हणजे? टॉवेल होता, तसाच ठेवला," तो म्हणाला.

टॉवेलला डावे-उजवे नसते. मी पलंगाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले. एकदा उभा राहून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

मग पुसायला घेतल्या, तर एका बाजूच्या दोन्ही बांगड्यांच्या आतल्या कडेला तांबे दिसले. म्हणजे मुलामा. एका जोडीचे सोने कधीतरी गेले आहे आणि मला ठाऊक नाही कोणाचे. चुकीची जोडी चुकीच्या हातात गेली, तर एक बहीण दुसरीला चोर समजेल.

मी आईला हळूच विचारले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या माझ्या. मीच बदलून घेतल्या. मावशीजवळ बोललास तर बघ."

मला हायसे वाटले. पण खात्री करावी म्हणून मावशीकडे गेलो. ती म्हणाली, "हळू बोल. त्या माझ्या आहेत रे. तुझ्या आईला कळलं तर दोन दिवस जेवायची नाही ती."

"पण का बदलल्यास?"

"सगळ्याच गोष्टींना दोरे बांधू नयेत, राजा."

खोट्या बांगड्या दोन, मालकिणी दोन, आणि खऱ्या जोडीला मालकीणच नाही. दोघींपैकी एक खोटे बोलते आहे. कोण, ते मला कळत नाही. म्हणून माझी इच्छा अशी की दोघींना एक खरी आणि एक मुलाम्याची द्यावी, आणि तांब्याबद्दल मी विचारलेले कोणी कोणाला सांगू नये.

साक्षीदार शिंपीकाका आणि समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर. दोघांनी मला सही करताना पाहिले. काका म्हणाले, "हर्नियाने मेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही." ते साक्षीचा भाग नाही, तरी नोंदवले.

पुरवणी, त्याच दिवशी, तासाभराने. कलम चारप्रमाणे बांगड्या वेगळ्या करायला साक्षीदारांसमोर डबा उघडला. आत दोनच निघाल्या. दोन्ही खऱ्या. मी डबा उलटा करून पाहिला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, मागून मावशी बशा घेऊन. आईच्या हातात एक बांगडी होती. मावशीच्या हातात एक. दोन्हींच्या आतल्या कडेला तांबे.

आई म्हणाली, "चहा घे, निवतोय." मावशी म्हणाली, "उरलेल्या नीट ठेव. तुझ्या बायकोला होतील."

सबब कलम चार रद्द. त्या दोन बांगड्या आता माझ्या ताब्यात नाहीत. त्यांना पाणी लावू नये, ब्रश लावू नये, फक्त कोरड्या फडक्याने टिपावे, म्हणजे मुलामा टिकेल. डब्यातल्या दोन्ही बांगड्यांना मी दोरा बांधलेला नाही. कोणता रंग घ्यावा, कळले नाही.

सही: दागिने साफ करणारा
साक्षीदार: १. शिंपीकाका २. कंपाउंडर
स्थळ: आमची खोली, दुसरा मजला, मीटरजवळचे टेबल
दिनांक: १४ मार्च २०२२, सोमवार